फीड रँकिंगच्या टीममधली ऑफर घेऊ का? दादा म्हणतो रक्ताचा पैसा, बाबा म्हणतात पोस्टमनचा काय दोष

पत्र:

ताई, नमस्कार. मी मशीन लर्निंगमध्ये काम करते. परवा एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीकडून ऑफर आली, फीड रँकिंगच्या टीममध्ये, म्हणजे कोणाला कुठली पोस्ट आधी दिसणार हे ठरवणारी टीम. पगार आत्ताच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. घरी सांगितलं आणि घरात दोन तट पडले. दादा म्हणतो या कंपन्यांमुळे म्यानमारमध्ये, इथिओपियात माणसं मारली गेली, तो रक्ताचा पैसा आहे, तुला कसा चालतो. बाबा पोस्टातून रिटायर झालेत, ते म्हणतात पत्रात शिवीगाळ असली म्हणून पोस्टमनला कोणी धरत नाही, लिहिणाऱ्याला धरा. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पूर्ण पटत नाही. त्यात मध्यंतरी मी दुसऱ्या एका ॲपवर एक पोस्ट रिपोर्ट केली होती, एका समाजाबद्दल होती, यांना घरातून ओढून काढून मारा असं सरळ लिहिलेलं, आणि उत्तर आलं की यात आमच्या नियमांचं उल्लंघन होत नाही. ते डोक्यातून जातच नाहीये. कंपनीची जबाबदारी नक्की कुठून सुरू होते, आणि मी जॉइन झाले तर माझी किती? आठवड्याभरात हो की नाही कळवायचंय.

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं, कारण असा प्रश्न ऑफर घ्यायच्या आधी विचारणारे फार कमी, बहुतेकांना तो राजीनामा देताना पडतो. आता नीट बोलूया.

आधी बाबा. ते जे म्हणतात ते उडवून लावण्यासारखं नाहीये, कारण कायदाही बराचसा त्यावरच उभा आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० आणि आपल्याकडे आयटी ॲक्ट २००० मधलं कलम ७९, दोन्हीचा गाभा हाच की दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी मधल्याला सरसकट धरायचं नाही. आणि त्यामागे कारणही चांगलं आहे, नाहीतर प्रत्येक कंपनी घाबरून जरा वादाचं वाटलं की पोस्ट उडवत बसेल आणि त्यात पहिला आवाज जाईल तो ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचा. तर बाबांचं म्हणणं पोस्टमनपुरतं अगदी बरोबर. पण तुला जी खुर्ची देतायत ना, नेमकी तिथेच ते लागू पडायचं थांबतं. फीड रँकिंग म्हणजे पोचवणं नव्हे, निवडणं. हजारो पोस्टमधून या माणसाला आत्ता कुठली वर दाखवायची हे ठरवणं, आणि ते कशावरून ठरवायचं हेही आपणच ठरवणं.

एक उदाहरण बाबांना जरूर सांग, तुझ्याच कामातलं आहे. २०१७ मध्ये फेसबुकच्या रँकिंगमध्ये इमोजी रिॲक्शनला लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं. त्यात हसरा, रडका होता तसा तो लाल रागीट चेहरापण होता. म्हणजे एखाद्या पोस्टवर लोक चिडले की यंत्राच्या हिशोबात ती पोस्ट नुसत्या आवडलेल्या पोस्टपेक्षा पाचपट महत्त्वाची, चला दाखवा अजून लोकांना. आतल्याच लोकांनी याचा धोका सुरुवातीला लिहून दिला होता. २०१९ मध्ये कंपनीच्याच डेटा सायंटिस्टनी खात्री करून सांगितलं की ज्या पोस्टवर रागाचे इमोजी जास्त पडतात त्यांत खोटी माहिती आणि विखारी मजकूर जास्त सापडतो. वजन टप्प्याटप्प्याने कमी होत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आलं. आणि शून्य केल्यावर झालं काय, तर लोकांपर्यंत खोटी माहिती आणि हिंसक दृश्यं कमी पोचायला लागली आणि लोकांचा ॲपवरचा वावर काही कमी झाला नाही. हे सगळं बाहेर आलं ते फ्रान्सिस हॉगन या तिथल्या कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून. तू यात काम करतेस म्हणून तुला वेगळं सांगायला नको की हे फक्त एक वेट होतं, एक आकडा. तो आकडा कोणी गुंडाने नाही ठेवला, एका टीमने ठेवला, मीटिंगमध्ये बसून.

म्हणून कुठल्यातरी माणसाने घाण लिहिली याची जबाबदारी त्या माणसाची, पण ती घाण पाच लोकांऐवजी पाच लाख लोकांपर्यंत का गेली, याचं उत्तर पोस्टमन म्हणून देता येत नाही.

आता दादा. त्याचं दुखणं खरं आहे पण वाक्य घाईचं आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांबद्दलचा द्वेष फेसबुकने जन्माला नाही घातला. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना देशातच परकं करून टाकलं होतं, आणि २०१२ मध्ये राखाइनमध्ये दंगली झाल्या, घरं जळली, तेव्हा तिथे फार थोड्यांच्या हातात फोन होता. २०१७ मध्ये गावं जाळली ती सैन्याने. अल्गोरिदमने माणसं मारली असं म्हटलं की ज्यांनी खरोखर गोळ्या घातल्या आणि ज्यांनी हुकूम दिले ते मागे सरकतात, आणि मला ते अजिबात मान्य नाही. गुन्हेगार ते आहेत, पहिले आणि मोठे.

पण मग कंपनीने काय केलं ते तारखांनी बघ, कारण जबाबदारी कुठून सुरू होते या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं.

त्या देशात एकेकाळी सिम कार्ड शेकडो डॉलरला मिळायचं. २०१४ मध्ये परदेशी टेलिकॉम कंपन्या आल्या आणि ते दीड डॉलरच्या आसपास आलं, बघता बघता सगळा देश ऑनलाइन, आणि लोकांसाठी इंटरनेट म्हणजे फेसबुक, दुसरं काही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मंडाले शहरात एक बातमी फिरली की मुस्लिम चहा दुकानदाराने बौद्ध तरुणीवर बलात्कार केला, विराथू नावाच्या प्रसिद्ध भिक्षूने ती पुढे ढकलली, दंगल झाली, दोन जण मेले. आरोप खोटा निघाला. म्हणजे २०१४ मध्येच दिसलं होतं की इथे एक पोस्ट काय करू शकते. आणि २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषेतला आक्षेपार्ह मजकूर तपासायला फेसबुककडे माणसं किती होती, तर दोन. अख्ख्या देशाला दोन! मे २०१५ मध्ये म्यानमारमध्ये काम करणाऱ्या एका माणसाने कंपनीच्या मुख्यालयात जाऊन सांगितलं की रवांडात १९९४ च्या नरसंहारात रेडिओने लोकांना भडकवून जे केलं ते इथे फेसबुक करेल अशी भीती आहे. रवांडातल्या त्या रेडिओवाल्यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी धरलं होतं, तर हे काय पातळीचं सांगणं होतं ते लक्षात घे.

अर्थात त्या रेडिओत आणि फेसबुकमध्ये फरक आहे, रेडिओवाले स्वतः माइकवर बोलत होते आणि कंपनी स्वतः काही बोलत नव्हती, तो फरक पुसू नये. पण तिला सांगितलं गेलं होतं.

मग २०१७. ऑगस्टच्या २५ तारखेनंतर सैन्याची कारवाई सुरू झाली आणि ७ लाखांवर रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. त्याच सप्टेंबरमध्ये मेसेंजरवर दोन साखळी मेसेज फिरत होते, बौद्धांना सांगत होते की ११ तारखेला मुस्लिम हल्ला करणार आहेत आणि मुस्लिमांना सांगत होते की बौद्ध करणार आहेत. नंतर मार्क झुकरबर्ग एका मुलाखतीत म्हणाले की आमच्या सिस्टीमने हे पकडलं. तिथल्या सहा स्थानिक संस्थांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर पत्र लिहिलं की अहो तुमची सिस्टीम म्हणजे आम्हीच, आम्ही ईमेल करून कळवलं, आणि मेसेज फिरायला लागल्यापासून तुमच्यापर्यंत ते पोचेस्तोवर चार दिवसांहून जास्त गेले. झुकरबर्गनी त्यांची माफी मागितली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की दोन्ही बाजूंच्या हजारो लोकांना खोटी तारीख देऊन घाबरवलं जात होतं आणि ते थांबवायची वाट म्हणजे काही स्थानिक मुलामुलींचे वैयक्तिक ईमेल.

भाषेचं तर काय सांगू. २०१८ मध्येसुद्धा फेसबुकवरचं भाषांतराचं बटण दाबलं तर, दिसेल त्या मुस्लिमाला मारा, एकही जिवंत ठेवू नका अशा अर्थाच्या बर्मी पोस्टचं इंग्रजी व्हायचं की म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य असायला नको. पत्रकारांनी दाखवून दिल्यावर ते बटण बंद केलं. आता विचार कर, ज्या कंपनीच्या यंत्राला ते वाक्य इंद्रधनुष्य वाटतं त्या यंत्राने धोका ओळखायचा कसा.

शेवटी २७ ऑगस्ट २०१८ ला, संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाचा अहवाल आला त्याच दिवशी, कंपनीने सेनाप्रमुख मिन आंग लाइंगसकट १८ अकाउंट आणि ५२ पेजेस काढली, सगळ्यांचे मिळून जवळपास १ कोटी २० लाख फॉलोअर्स होते. नोव्हेंबरमध्ये मान्य केलं की हिंसा भडकवायला आमच्या प्लॅटफॉर्मचा वापर होऊ नये म्हणून आम्ही पुरेसं करत नव्हतो. वर्षाच्या अखेरपर्यंत बर्मी जाणणारे शंभराच्या आसपास लोक नेमले. करता येत होतं, हे त्यातून कळतं. फक्त झालं ते सगळं झाल्यावर.

तर माझी फूटपट्टी ही आहे: कळलं कधी, हातात काय होतं, आणि कळल्यावर केलं काय. पोस्ट कोणी लिहिली हा पोलिसांचा प्रश्न. हे तीन कंपनीचे प्रश्न. २०१३ मध्ये एखादी पोस्ट निसटली तर मी म्हणेन ठीक आहे, नवीन देश, नवीन भाषा. २०१५ च्या त्या मीटिंगनंतर प्रत्येक महिना कंपनीच्या खात्यावर लागतो.

इथिओपियाची गोष्ट दादाला माहीत असेल पण तू नीट वाच, कारण तिथे हे तीन प्रश्न एका माणसाच्या बाबतीत दिसतात. बाहिर दार विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, वंशाने तिग्रे, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तेव्हा द्वेष भडकवला जात होता त्या समाजाचे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, यादवी चालू असताना, फेसबुकवर त्यांचं नाव, फोटो, कुठे काम करतात हे सगळं टाकून पोस्ट आल्या, खालच्या कमेंट वाचवत नाहीत. मुलाने रिपोर्ट केलं, पुन्हा केलं. ३ नोव्हेंबरला वडिलांना घराबाहेर गोळ्या घातल्या. मुलाचं म्हणणं आहे की पोस्ट नियमात बसत नाही, काढली, असं उत्तर आलं ते त्यानंतर आठवडा उलटून गेल्यावर. त्याने आणि इतरांनी डिसेंबर २०२२ मध्ये केनियाच्या हायकोर्टात दावा लावला, कारण त्या भागातल्या भाषांचं मॉडरेशन, म्हणजे पोस्ट तपासून काढायचं काम, केनियातल्या नैरोबीतून चालायचं, आणि मागणी फक्त पैशाची नाहीये, रँकिंग बदला आणि त्या भाषांचे पुरेसे लोक नेमा अशीही आहे. कंपनी म्हणत होती की केनियाच्या कोर्टाला आमच्यावर अधिकारच नाही. एप्रिल २०२५ मध्ये कोर्ट म्हणालं की आहे, आम्ही ऐकू. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण दाव्यात रँकिंगचं नाव घेतलंय हे लक्षात ठेव.

आता तू रिपोर्ट केलेली ती पोस्ट. आतून काय होतं ते तुला कळतच असेल, आधी क्लासिफायर, म्हणजे पोस्ट आपोआप तपासणारं यंत्र, त्यात भाषा कमी शिकलेली, बोलीतला शब्द किंवा फोटोवर लिहिलेलं असेल तर अजूनच आंधळं, आणि माणसापर्यंत गेलंच तर त्याच्या हातात काही सेकंद आणि समोर भलीमोठी रांग. तरी ते उत्तर शेवटचं समजू नकोस. अपील कर. आपल्याकडच्या नियमांनुसार कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे स्क्रीनशॉट आणि लिंकसकट लेखी दे, तिथेही नाही म्हणाले तर त्यावर अपील समिती आहे. आणि पोस्टमध्ये नाव, पत्ता, जागा, वेळ यातलं काहीही असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट न बघता आधी पोलिस. तिथे दिवस मोजायचे नसतात.

पण एक गोष्ट दादाच्या आवेशात विसरली जाते, की नुसतं उडवा उडवा केल्याने काम होत नाही. म्यानमारमध्येच २०१७ मध्ये मुस्लिमांसाठी वापरला जाणारा एक अपमानकारक शब्द फेसबुकने सरसकट बंद केला, तोच शब्द तिथे हरभऱ्याच्या नावात येतो, तर जेवणाच्या पोस्ट उडाल्या, आणि जे लोक त्या शब्दाविरुद्ध लिहीत होते त्यांच्यापण उडाल्या. त्याच वर्षी यूट्यूबच्या यंत्राने सीरियातल्या युद्धाचे व्हिडिओ हिंसक म्हणून मोठ्या संख्येने काढले, ज्यात पुढे पुरावा म्हणून लागणारं खूप काही होतं. म्हणजे आंधळेपणाने ठेवणं वाईट आणि आंधळेपणाने काढणंही वाईटच.

आणि इथेच तुझ्या टीमचं काम येतं, म्हणून मी तुला लगेच नको म्हणून मोकळी होत नाहीये. काही उपाय असे आहेत की ज्यात कोणाची पोस्ट वाचायला लागत नाही आणि काढायलाही लागत नाही, फक्त वेग कमी करायचा. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि ठिकठिकाणी माणसं ठेचून मारली गेली, १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारलं. भटका समाज, अनोळखी चेहरे, अफवेला तेवढं पुरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली, २०१९ मध्ये ती जगभर लावली, आणि एप्रिल २०२० मध्ये जो मेसेज आधीच खूप फिरलाय तो एका वेळी एकाच चॅटला. कंपनीनेच सांगितलं की त्यानंतर अशा खूप फिरलेल्या मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं. एन्क्रिप्शनला हात लावला नाही, कोणाचं बोलणं बंद केलं नाही. फीडमध्येसुद्धा असंच असतं, शेअरवर शेअर होत लांबून आलेल्या गोष्टीचं वजन कमी करणं, दंगल चालू असलेल्या भागात अनोळखी पेजेस सुचवायचं थांबवणं, ही सगळी रँकिंगची कामं आहेत. युरोपातला २०२२ चा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टसुद्धा मोठ्या कंपन्यांना एकेका पोस्टच्या पलीकडे जाऊन विचारतो की तुमच्या शिफारस करणाऱ्या सिस्टीममुळे काय धोके तयार होतात ते दरवर्षी तपासा, नाहीतर जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे कायद्याची नजर पण हळूहळू तुझ्या टेबलाकडे वळतेय.

मग त्या टेबलावर बसून तुझी जबाबदारी किती? सोफी झँगचं नाव ऐकलंयस का, फेसबुकमध्ये डेटा सायंटिस्ट होती, खोट्या अकाउंटच्या फौजा शोधायची. होंडुरासच्या राष्ट्राध्यक्षांसाठी चाललेला बनाव तिने दाखवला, तो काढायला कंपनीला जवळपास वर्ष लागलं. २०२० मध्ये तिला काढलं, निघताना तिने लांबलचक मेमो लिहिला, त्यात लिहिलं की आता माझ्या हातांना रक्त लागलंय. ते वाचून मला तिचा राग नाही आला, ज्या व्यवस्थेने एका कनिष्ठ मुलीवर अनेक देशांतलं कुठलं प्रकरण आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायची वेळ आणली तिचा आला. तिने स्वतःवर घेतलेला बराचसा भार मुळात वरच्यांचा होता. तर तुझ्यासाठी पण तीच फूटपट्टी, तुला काय कळलं होतं, तुझ्या हातात काय होतं, तू काय केलंस. जे तुला कळायचा मार्गच नव्हता त्यासाठी रात्री जागू नकोस. पण एखाद्या चाचणीच्या निकालात तुला स्वतःला दिसलं की अमुक देशात रिपोर्ट वाढतायत आणि तू ते स्लाइडवर घातलं नाहीस कारण मॅनेजरचा मूड चांगला होता, तर तिथे मी फक्त इंजिनिअर आहे हे चालणार नाही.

म्हणून हो म्हणायच्या आधी त्यांना प्रश्न विचार, इंटरव्ह्यू संपलेत, आता तुझी पाळी आहे. पहिला प्रश्न, नवीन बदल लाँच करायच्या आधी निकाल कशावर मोजता, फक्त जगभराच्या सरासरीवर की देशानुसार आणि भाषेनुसार फोडून? हे फार महत्त्वाचं आहे, कारण छोट्या देशात आग लागली तरी जगाच्या सरासरीत ती दिसतसुद्धा नाही, आकडा हिरवाच राहतो. दुसरा, धोका दिसला तर लाँच थांबवायचा अधिकार कोणाला, आणि खरंच थांबवलं असं एखादं उदाहरण सांगा. हॉगनच्या कागदपत्रांत एक नोंद आहे, २०२० मधली, की तुझ्यासारख्याच एका टीमने सुचवलेला बदल सगळीकडे लागू करायला झुकरबर्ग तयार नव्हते जर त्यामुळे एंगेजमेंटच्या, म्हणजे लाइक, कमेंट, शेअरच्या, आकड्याला जाणवण्यासारखा फटका बसणार असेल. म्हणजे दोन आकडे भांडतात तेव्हा जिंकतो कुठला, एवढंच तुला काढून घ्यायचंय. तिसरा, ॲप ज्या भाषांमध्ये चालतं त्यातल्या किती भाषा वाचणारी माणसं तुमच्याकडे आहेत. याच कागदपत्रांत होतं की खोटी माहिती ओळखण्याच्या कामावरचा ८७ टक्के वेळ-खर्च अमेरिकेवर आणि उरलेला १३ टक्के बाकी जगावर. कंपनी म्हणाली हा आकडा अपुरा आहे, बाहेरचे फॅक्ट चेकर यात धरलेले नाहीत. धरले तरी चित्र किती बदलेल याबद्दल मला शंका आहे.

आणि चौथं विचारू नकोस, शोध. ज्यांनी आत राहून आक्षेप घेतले ते अजून तिथे आहेत का? लिंक्डइनवर त्या टीममधून गेल्या काही काळात बाहेर पडलेल्या दोघातिघांना मेसेज कर, लोक बोलतात. वेबसाइटवरच्या सेफ्टीच्या पानावर विसंबू नकोस, वारं फिरलं की ती पानं बदलतात. ट्विटर २०२२ च्या अखेरीस विकलं गेलं तेव्हा सेफ्टीच्या टीम्सना मोठी कात्री लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, अमेरिकेत बाहेरच्या फॅक्ट चेकिंगचा कार्यक्रम बंद करतोय म्हणून जाहीर केलं, द्वेषाबद्दलचे नियमही सैल केले. गेल्या वर्षी जी टीम होती ती या वर्षी असेलच असं नाही.

माझं मत विचारशील तर पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं, उदाहरणासकट, तर जा. अशा खुर्चीवर झोप उडणारं माणूस बसलेलं मला हवंय, झोप न उडणारे तिथे पुष्कळ आहेत. आणि उत्तर गोलगोल आलं, आमची सेफ्टी टीम वेगळी आहे, तुम्ही त्याची काळजी करू नका असं काही म्हणाले, तर दुप्पट पगार असला तरी नको म्हण. तुला नेमतायत वाढवायला आणि थांबवायची कळ दुसऱ्याच मजल्यावर, त्यात तुझी घुसमट होईल आणि उपयोग कोणालाच नाही.

पगाराबद्दल लाज वाटून घेऊ नकोस, चांगला पगार हवा असणं गुन्हा नाही. फक्त पहिलं वर्षभर वाढीव पगारावर घराचं कर्ज काढू नकोस, राहणी आत्ताच्या पगारातच ठेव आणि वरचे बाजूला टाक. हे मी कळकळीने सांगतेय, कारण तिथे नाही म्हणायची वेळ आली तर तुझ्या तत्त्वांइतकीच तुझी बचत लागणार आहे, हप्ते चालू असलेला माणूस मीटिंगमध्ये गप्प बसायला शिकतो.

आत गेलीस तर आक्षेप नेहमी लेखी घे, लाँचच्या रिव्ह्यू डॉकमध्येच, तारखेसकट, सभ्य भाषेत, आकड्यासकट. चॅटमध्ये कुरकुर करून काही उरत नाही. युजरचा डेटा किंवा आतली कागदपत्रं घरी आणू नकोस, स्क्रीनशॉट पण नको, कधी बाहेर बोलायची वेळ आलीच तर ते आधी वकिलाशी बोलून. हॉगनने कागदं बाहेर काढली ती वकिलांची आणि कायद्याने दिलेल्या संरक्षणाची मदत घेऊन, आणि ती अमेरिकेत होती, तिथलं संरक्षण इथे जसंच्या तसं मिळेल असं धरून चालू नकोस.

दादाला म्हणावं तुझा राग ठेव, मला दर थोड्या दिवसांनी विचारत जा की आता काय कळलंय आणि काय केलंस, मला कोणीतरी विचारणारं लागेल. बाबांना त्या रागीट इमोजीचं सांग आणि मग त्यांनाच विचार की पोस्टात कोणी असं ठरवलं असतं, की ज्या पत्राने भांडण लागेल ते पाच घरी जास्त द्यायचं, तर त्यांनी सही केली असती का.

ते तीन प्रश्न आजच मेलवर पाठव, रिक्रूटरला नाही, ज्या मॅनेजरच्या हाताखाली काम करणार आहेस त्याला. तो फोन करेल. फोनवर जे बोलेल ते त्याच दिवशी तू परत मेलमध्ये लिहून पाठव, आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर ना म्हणून. त्याला उत्तर येतं का बघ, आणि आठवडा कमी पडला तर मुदत वाढवून माग, चांगली माणसं हवी असली की देतात. सही करायच्या आधी करारातलं गोपनीयतेचं कलम एखाद्या वकिलाला दाखव, विशेषतः नोकरी सोडल्यावर काय बोलता येणार नाही ते.